अमेरिकन गव्हर्नरवर पाऊण तास बोलायचंय? आधी 'राज्यपाल' हा शब्द बाजूला ठेवा

सदाशिव पेठेत आमचा रविवारचा एक छोटा ग्रुप आहे, निम्मे स्पर्धा परीक्षावाले आणि निम्मे रिटायर झालेले काका-मावशी, आणि दर रविवारी कुणीतरी एकाने एका माणसाचं आयुष्य पाऊण तासात सांगायचं असं ठरलेलं आहे. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा बोर्डावर 'न्यूयॉर्कचे राज्यपाल अल स्मिथ' असं लिहून सुरुवात केली, आणि दहाव्या मिनिटाला एका मुलीने विचारलं, ताई मग तिथले मुख्यमंत्री कोण होते, आणि तिच्या मागे बसलेल्या काकांनी विचारलं की राज्यपाल निवडणूक हरले म्हणजे काय, राज्यपाल कधी निवडणुकीला उभे राहतात का. दोन्ही प्रश्न एकदम बरोबर होते आणि दोन्ही माझ्या एका शब्दामुळे आले होते. त्यानंतर मी बऱ्याच गव्हर्नरांवर बोलले, त्यातून जी पद्धत बसली ती इथे सविस्तर लिहितेय. भाषणासाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, किंवा मराठीत एखादा चरित्रलेख लिहायचा असेल तरी तीच चालेल.

तर आधी शब्दाचं बघू, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. आपल्याकडे राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात आणि ते साधारण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, खरी सत्ता मुख्यमंत्र्यांकडे असते. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो, राज्याचा कारभार तोच चालवतो, त्याच्या खाली किंवा वर मुख्यमंत्री असं पदच नाही. म्हणजे आपल्या हिशोबात तो मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो, पण तेही तंतोतंत नाही, कारण आपला मुख्यमंत्री विधानसभेतल्या बहुमतावर उभा असतो आणि ते गेलं की खुर्ची गेली. अमेरिकन गव्हर्नरच्या विरोधात अख्खं विधिमंडळ असलं तरी तो सहसा आपली मुदत पूर्ण करतो आणि रोज त्याच विरोधी विधिमंडळाकडून कायदे पास करून घ्यायची खटपट करत बसतो. ही खटपट म्हणजेच त्याची कारकीर्द, हे एकदा डोक्यात बसलं की चरित्र वाचायची नजर बदलते.

पुण्यात तर अजून एक अडचण आहे. 'गव्हर्नर' म्हटलं की आपल्या जुन्या माणसांना इंग्रजांचा गव्हर्नर आठवतो. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला, २२ जून १८९७ ला रँड तिथल्या समारंभातून परत येताना गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली, आणि आपली मंडई १८८६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, तेही लॉर्ड रे या गव्हर्नरच्या नावावरून. तो गव्हर्नर लंडनहून यायचा, मत कुणी द्यायचं नाही. तरुण मुलांना विचारलं तर गव्हर्नर म्हणजे रिझर्व्ह बँकेचा. म्हणून सुरुवातीची तीन-चार मिनिटं फक्त एवढ्यावर घाला, विद्यापीठाच्या इमारतीचं उदाहरण द्या, पुण्यातल्या प्रत्येकाला ते लगेच समजतं. आणि लेखात सरळ 'गव्हर्नर' लिहा, भाषांतर नको.

आता माणूस कोणता घ्यायचा. बॉबी जिंदाल लुइझियानाचे गव्हर्नर होते, निकी हेली साउथ कॅरोलिनाच्या, त्यामुळे ती नावं पटकन सुचतात, रोनाल्ड रेगन आणि बिल क्लिंटन हे राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी कॅलिफोर्निया आणि आर्कान्साचे गव्हर्नर होते म्हणून तीही सुचतात. पण माझा अनुभव असा की पहिल्यांदा करताना ज्याचं आयुष्य पूर्ण झालंय असा माणूस घ्या, जो निदान एकदा हरलाय असा घ्या, आणि जो राष्ट्राध्यक्ष झाला नाही असा घ्या. राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाची गव्हर्नरपदाची वर्षं पुढच्या कहाणीखाली दबून जातात, लोक त्याकडे नुसती पायरी म्हणून बघतात. मला स्वतःला अल स्मिथ फार जवळचा वाटतो, म्हणून पुढची सगळी उदाहरणं त्याचीच देते, तुम्ही तुमचा माणूस त्या जागी ठेवा.

माणूस ठरला की पुस्तक उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि डावीकडे साल, मध्ये पद, उजवीकडे त्या वेळचे नियम असे तीन रकाने आखा. उजवा रकाना लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, आज बहुतेक राज्यांत मुदत ४ वर्षांची आहे पण न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मांटमध्ये अजून २ वर्षांची, आणि व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही. हे माहीत नसेल तर तुम्ही लिहाल की अमका एकाच टर्मनंतर बाजूला झाला, आणि ऐकणाऱ्याला वाटेल लोकांनी नाकारला. स्मिथच्या काळात न्यूयॉर्कमध्ये मुदत २ वर्षांची होती, म्हणून तो १९१८, १९२२, १९२४ आणि १९२६ असा चार वेळा निवडून आला आणि मध्ये १९२० ला हरला. चार वेळा निवडून आला म्हणजे सोळा वर्षं असं आमच्या ग्रुपमध्ये एकाने गृहीत धरलं होतं, प्रत्यक्षात आठ.

मग बालपण. इथे नुसतं 'गरीब घरात जन्म झाला' लिहून पुढे जाऊ नका, गल्ली शोधा. स्मिथ ३० डिसेंबर १८७३ ला मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला जन्मला, नदीकाठची वस्ती, समोर ब्रुकलिन ब्रिजचं बांधकाम चालू, तो पूल १८८३ ला सुरू झाला तेव्हा हा नऊ वर्षांचा. १८८६ मध्ये वडील गेले, आणि थोड्याच दिवसांत शाळा सुटली, आठवीसुद्धा पूर्ण झाली नाही. पुढे फुल्टन फिश मार्केटमध्ये नोकरी, भल्या पहाटेपासून मासळीचा हिशोब. हे सांगताना मी म्हणते की गणेश पेठेतला मासळी बाजार पहाटे बघा, तो वास, तो ओला रस्ता, ती ओरडाओरड, आणि तिथे एक पोरगा वही घेऊन उभा आहे असं समजा. पुढे विधिमंडळात वकील लोक आपापल्या कॉलेजच्या डिग्र्या सांगायचे तेव्हा हा अभिमानाने सांगायचा की माझी डिग्री एफएफएम, म्हणजे फुल्टन फिश मार्केट. ही गोष्ट सांगितली की खोलीतला प्रत्येक जण ऐकायला लागतो, विशेषतः जी मुलं गावाकडून येऊन इथे कॉट बेसिसवर राहून अभ्यास करतायत ती.

राजकारणात कसा आला हे सांगताना टॅमनी हॉल टाळता येत नाही. टॅमनी म्हणजे न्यूयॉर्क शहरातली डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा, वॉर्डावॉर्डात माणसं, कुणाला नोकरी लावून दे, कुणाच्या घरी कोळसा पोचव, आणि बदल्यात मतं. भ्रष्टाचारासाठी बदनाम होती आणि ते खरंही होतं, पण आयर्लंडहून किंवा इटलीहून आलेल्या गरिबाच्या दारात पोचणारीही तीच होती. वॉर्डातला कार्यकर्ता काय असतो हे पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, तुम्ही फक्त दोन्ही बाजू सांगा, एक झाकून दुसरी सांगू नका. स्मिथ याच वाटेने १९०३ ला राज्याच्या असेंब्लीत, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, निवडून आला आणि ऑल्बनीला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, पोचल्यावर त्याला समोरची बिलं कळेनात. मग तो रात्री खोलीत बसून प्रत्येक बिल, अगदी खर्चाची लांबलचक बिलंसुद्धा, ओळ न ओळ वाचायला लागला. काही वर्षांत अशी वेळ आली की राज्याच्या पैशाचा हिशोब त्याच्याइतका कुणाला माहीत नव्हता. अभ्यासिकेतल्या मुलांसमोर मी इथे जरा थांबते.

यानंतरची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. प्रत्येक मोठ्या गव्हर्नरच्या आयुष्यात पद मिळायच्या आधी घडलेली एक घटना असते जिच्याकडे तो पुढे वारंवार वळतो, ती शोधा आणि भाषणाचा तिसरा हिस्सा वेळ तिलाच द्या. स्मिथच्या बाबतीत ती ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग. २५ मार्च १९११, शनिवार, सुटायची वेळ. वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या इमारतीच्या आठव्या, नवव्या, दहाव्या मजल्यावर बायकांचे ब्लाऊज शिवायचा कारखाना, कामाला बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, कित्येक जणी विशीच्याही आतल्या. जिन्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता, बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला, बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या, आणि मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. १४६ माणसं गेली. मालकांवर खटला झाला, ते सुटले. मी हे प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी त्या कुलपाशी माझा आवाज अडकतो, कारण आग विझवता येते की नाही हा नंतरचा प्रश्न, दार कुणीतरी हाताने बंद केलं होतं.

स्मिथ तेव्हा असेंब्लीत डेमोक्रॅट्सचा नेता. गेलेल्या मुलींपैकी काही त्याच्याच भागातल्या होत्या, तो त्यांच्या घरी गेला, प्रेतं ओळखायला नातेवाईक जात होते तिथेही गेला. मग राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला, रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष आणि स्मिथ उपाध्यक्ष, आणि त्यांच्यासोबत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई होती जिने ती आग रस्त्यावर उभं राहून डोळ्यांनी बघितली होती. या बाईंनी आमदारांना ऑफिसात बसून रिपोर्ट वाचू दिले नाहीत, पहाटे कारखान्याच्या दाराशी नेऊन उभं केलं, दहा तासांची रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या. त्यातून कामगार सुरक्षेचे कायदे एकामागून एक झाले, दारं बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत, कामाच्या वेळेत कुलूप नको, बायकांचं काम आठवड्याला ५४ तासांच्या वर नको, सात दिवसांत एक दिवस सुट्टी. सुट्टीचं आलं की नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव जरूर घ्या, महात्मा फुल्यांचे सहकारी, पुण्यात सुरू झालेलं 'दीनबंधू' हे वृत्तपत्र पुढे मुंबईत चालवणारे, त्यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. मला हे जोडून सांगायला फार आवडतं, ओढूनताणून वाटत नाही, कारण दोन्हीकडे गिरणीतल्या माणसाचा तोच थकलेला देह आहे.

आता प्रत्यक्ष गव्हर्नरपद. इथे लोक योजनांची यादी वाचायला लागतात आणि समोरच्याला जांभई येते. यादी करू नका, त्याऐवजी गव्हर्नरच्या हातातल्या चार गोष्टी घ्या आणि प्रत्येकीची एक गोष्ट सांगा. नकाराधिकार म्हणजे व्हेटो, बजेट, नेमणुका, आणि शिक्षा माफ करायचा अधिकार. हा शेवटचा अधिकार वेळ उरला तरच घ्या.

व्हेटोची स्मिथची गोष्ट अशी. १९२० मध्ये अमेरिकेत कम्युनिस्टांची भीती शिगेला होती आणि न्यूयॉर्कच्या असेंब्लीने पाच समाजवादी सदस्यांना, लोकांनी रीतसर निवडून दिलेल्या, बाहेर काढलं. स्मिथ त्यांच्या पक्षाचा नव्हता, त्यांचे विचारही त्याला पटत नव्हते, तरी त्याने याला जाहीर विरोध केला. त्याच वर्षी शिक्षकांची निष्ठा तपासणारी आणि खाजगी शाळांना सरकारी परवाना लावणारी बिलं आली, लस्क बिलं म्हणतात त्यांना, त्याने ती व्हेटो केली. नोव्हेंबरमध्ये निवडणूक हरला. नवीन गव्हर्नर नेथन मिलर यांनी तशाच बिलांवर सही केली, ते कायदे झाले. १९२२ ला स्मिथ परत निवडून आला आणि १९२३ मध्ये ते कायदे रद्द झाले. बघा, व्हेटो काय असतो, विधिमंडळ विरोधात असणं म्हणजे काय, निवडणुकीने काय फरक पडतो, सगळं या एका गोष्टीत येतं.

बजेटची गोष्ट रटाळ वाटते पण सोडू नका. त्याच्या आधी न्यूयॉर्कमध्ये खाती आणि मंडळं इतकी विखुरलेली होती की कोण कुणाला उत्तर देतंय तेच समजत नसे, आणि खर्चाचा एकत्रित आराखडा गव्हर्नरच्या हातात नव्हता. स्मिथने वर्षानुवर्षं मागे लागून खाती एकत्र करून घेतली आणि १९२७ मध्ये घटनादुरुस्ती झाली की बजेट गव्हर्नर मांडेल. गंमत म्हणजे नवीन पद्धत लागू झाली १९२९ ला, तोपर्यंत तो पदावर नव्हता, फायदा पुढच्याला झाला, आणि पुढचा कोण तर फ्रँकलिन रूझवेल्ट, जो नंतर राष्ट्राध्यक्ष झाला.

नेमणुकांमध्ये पर्किन्सबाईंचं नाव घ्याच. १९१९ मध्ये स्मिथने त्यांना राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमलं, आणि १९३३ ला त्या अमेरिकेच्या केंद्रीय मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या, खातं कामगार. पार्क आणि रस्ते उभारणारा अधिकारी रॉबर्ट मोझेस, त्यालाही मोठं केलं स्मिथनेच, राज्यभर पार्क आणि रस्ते झाले, आणि पुढे त्याच मोझेसने शहरातल्या कित्येक वस्त्या पाडल्या, तेही सांगा.

पराभव सांगताना आकडे वापरा, नुसतं 'हरले' नको. १९२० ला स्मिथ साधारण ७४ हजार मतांनी हरला, पण त्याच दिवशी त्याच राज्यात त्याच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जवळजवळ ११ लाखांनी हरला होता. म्हणजे लाखो लोकांनी वर रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं आणि खाली स्मिथला. हा आकडा बोर्डावर लिहा आणि गप्प बसा, लोक स्वतःच अर्थ काढतात. १९२८ ला तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, मोठ्या पक्षाचं तिकीट मिळालेला पहिला कॅथलिक. त्याचा धर्म, दारूबंदीला त्याचा विरोध, आणि शहरी बोलणं, या तिन्हींवरून त्याच्यावर घाणेरडा प्रचार झाला, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेने क्रॉस जाळले. रिपब्लिकन उमेदवार हूव्हरला ४४४ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची मतं, ज्यांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो), स्मिथला ८७. स्वतःचं न्यूयॉर्क राज्यसुद्धा साधारण एक लाख मतांनी गेलं, आणि त्याच राज्यात त्याच दिवशी रूझवेल्ट पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी गव्हर्नर झाला. हूव्हरचा विजय फक्त धर्मामुळे असं मात्र सांगू नका, तेव्हा देशात तेजी होती आणि सत्तेतल्या पक्षाला त्याचा फायदा झालाच.

निवृत्तीनंतरचा भाग बरेच जण गाळतात, विशेषतः आवडता माणूस असेल तर. स्मिथ एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या कंपनीचा अध्यक्ष झाला, १ मे १९३१ ला ती इमारत सुरू झाली, ऐन मंदीत, आणि कित्येक मजले रिकामे राहिले. इथपर्यंत लोकांना आवडतं. पण पुढे तो रूझवेल्टच्या न्यू डीलच्या, म्हणजे मंदीवर उपाय म्हणून आणलेल्या सरकारी योजनांच्या, विरोधात गेला, श्रीमंत उद्योगपतींच्या लिबर्टी लीगमध्ये बसला, आणि १९३६ ला आयुष्यभराचा पक्ष सोडून रिपब्लिकन उमेदवाराला पाठिंबा दिला. ज्या माणसाने कारखान्यांची कुलपं काढली तो इथे कसा पोचला हे मलाही बरीच वर्षं टोचत होतं. काही जण म्हणतात रूझवेल्टने त्याला विचारलं नाही म्हणून राग, काही म्हणतात केंद्राच्या हातात एवढी सत्ता जाणं त्याला खरंच पटत नव्हतं. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं, आणि तसंच सांगते. आवडत्या माणसाची बाजू घ्यायला जाऊ नका, ऐकणारे हुशार असतात.

शब्दांचं थोडं. महाराष्ट्रात विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती, त्यामुळे स्मिथ १९१३ ला 'अध्यक्ष' झाला असं म्हटलं की लोकांना राष्ट्राध्यक्ष वाटतं, तिथे सरळ स्पीकर म्हणा. असेंब्ली आणि सिनेट तसंच ठेवा, पण राज्याचं सिनेट की वॉशिंग्टनचं हे दर वेळी सांगा. लेफ्टनंट गव्हर्नरला उपराज्यपाल अजिबात लिहू नका, दिल्लीचे नायब राज्यपाल डोळ्यांसमोर येतात. वाचायला काय मिळतंय ते जयकर ग्रंथालयात आणि गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत आधी जाऊन विचारा, आणि प्रत्येक तारीख दोन ठिकाणी जुळली तरच बोर्डावर लिहा.

वेळेचं माझं गणित असं, शब्दाला चार मिनिटं, बालपण आणि वॉर्ड दहा, मुख्य घटना पंधरा, पदावरची वर्षं दहा, बाकी सगळं सहा. प्रश्नांना वेगळी वीस मिनिटं ठेवाच, आणि एक प्रश्न हमखास येतो की राष्ट्रपती राजवट तिथे लागते का, तर उत्तर नाही, आपल्या कलम ३५६ सारखं तिथे काही नाही, वॉशिंग्टनला राज्याचं सरकार बरखास्त करता येत नाही.

आणि शेवटी सांगायला मी एक छोटी गोष्ट ठेवते. म्हातारपणी स्मिथ फिफ्थ अव्हेन्यूवर सेंट्रल पार्कच्या झूसमोर राहायचा, आणि १९३४ मध्ये मोझेसने त्याला त्या झूचा मानद रात्रपाळी सुपरिंटेंडंट करून किल्ली दिली होती. रात्री तो रस्ता ओलांडून जायचा, कुलूप उघडायचा आणि प्राण्यांशी बोलत फिरायचा. मे १९४४ मध्ये बायको केटी गेली आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो गेला.